डक्टचे जोड: स्क्रू, रिव्हेट की फ्लँज? (मालवण, समुद्रालगतचं काम)

चिवलाकाठ

मालवणात समुद्रापासून साधारण दोनशे मीटरवर एका लॉजचं काम चालू आहे. हवा नेणारे पत्र्याचे डक्ट दोन आहेत.

पहिला जेवणाच्या हॉलच्या एसीचा. मुख्य डक्ट ६०० × ३०० मिमी, लांबी १८ मीटर, फॉल्स सीलिंगच्या वरून. त्याला २०० मिमीच्या गोल फांद्या.

दुसरा स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टचा, ४५० × ४५०. हूडपासून निघून जुन्या कौलारू पडवीतून गच्चीवरच्या पंख्यापर्यंत जातो.

पत्रा ०.६३ मिमी जीआय (जस्ताचा लेप दिलेला) आणलाय. पत्रेवाल्याचं म्हणणं आहे की दोन्हीकडे पॉप रिव्हेट मारू आणि वरून सिलिकॉन फिरवू. रिव्हेट, स्क्रू आणि फ्लँज (जोडाशी बाहेर वळलेली कड) यातलं कुठे काय वापरावं आणि किती अंतरावर, हे जाणकारांनी सांगावं. पावसाच्या आत संपवायचंय.

लोटेफिटर

एक्झॉस्टला रिव्हेट किंवा स्क्रू एकही नको, आणि ०.६३ जीआय तर मुळीच नको. तो पत्रा कापला नसेल तर कापू नका. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

पत्राघडी

एसीच्या डक्टपुरतं लिहितो.

जोडाची कामं दोन असतात आणि ती वेगळी धरायला हवीत. रिव्हेट किंवा स्क्रू दोन तुकडे एकमेकांपासून सुटू देत नाही. हवा अडवतं ते सीलंट किंवा गास्केट (जोडात दाबून बसणारी मऊ पट्टी). रिव्हेट जवळजवळ मारले म्हणून जोड हवाबंद होत नाही, उलट भोकं वाढतात. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो. खिळा तुटून गेल्यावर त्याच्या पोटातूनच हवा झिरपते. त्यामुळे रिव्हेट मारलाच तर प्रत्येक डोक्यावर सीलंटचा ठिपका हवा.

६०० × ३०० ला माझं मत सरळ टीडीएफ, म्हणजे पत्र्याच्याच टोकाला यंत्रावर काढलेला फ्लँज. त्यात पत्र्याला आरपार भोक पडत नाही आणि किनाऱ्यावर हा मोठा फायदा आहे. सिंधुदुर्गात टीडीएफचं यंत्र जवळ मिळालं नाही तर कोल्हापूर किंवा पुण्याहून तुकडे सपाट एल आकारात घडी घालून मागवता येतात. टेम्पोत जागा कमी लागते आणि लॉक (लांबीच्या कडांचा घडीचा सांधा) साइटवर ठोकता येतो.

४ × ८ फुटी शीटमधून फ्लँजची घडी वजा जाता तुकडा सुमारे १.१ मीटर लांब निघतो. १८ मीटरला १७ तुकडे आणि मधले १६ जोड. एका जोडाला लागतं ते असं: कॉर्नर पीस ८ (दोन्ही बाजूंना चार-चार), ८ मिमी बोल्ट ४, क्लीट (दोन फ्लँज एकत्र धरणारी पकड) ६ आणि गास्केट सुमारे २ मीटर. क्लीटचा हिशेब कोपऱ्यापासून १५० मिमीवर पहिली आणि पुढे दर ३०० ला एक. म्हणजे ६०० च्या बाजूला दोन आणि ३०० च्या बाजूला मधोमध एक. सगळे मिळून कॉर्नर १२८, बोल्ट ६४, क्लीट ९६, गास्केट ३२ मीटर. पंख्याकडचं आणि शेवटचं टोक वेगळं धरा, आणि दहा टक्के जादा मागवा, कारण एका बोल्टसाठी मालवणहून पुन्हा माणूस पाठवणं परवडत नाही.

टीडीएफ गळतो तो जवळपास नेहमी कोपऱ्यात. कॉर्नर पीस बसवला की त्याच्या आणि पत्र्याच्या घडीमध्ये बारीक फट उरते. कॉर्नर ठोकण्याआधी त्या खोबणीत सीलंट भरायचं. आधी कॉर्नर ठोकून नंतर वरून सीलंट लावलं तर ते आत पोचत नाही. गास्केट कोपऱ्यावर तोडायची नाही, वळवून न्यायची. टोकं सरळ बाजूच्या मध्यावर एकमेकांवर २५ मिमी चढवायची. बोल्ट आवळताना समोरासमोरचे कोपरे घ्यायचे. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला की समोरची गास्केट उचलली जाते.

चिवलाकाठ

मागवणं जमलं नाही तर? आमच्या पत्रेवाल्याकडे घडीचं मशीन आणि पिट्सबर्ग लॉकचं रोलर आहे, एवढंच.

पत्राघडी

मग दोन वाटा. एक अँगल फ्लँज. २५ × २५ × ३ चा अँगल, चौकट वेल्ड करून गुण्यात आणायची, बोल्टची ९ मिमी भोकं दर १२५ मिमीला पाडायची, आणि हे सगळं झाल्यावर झिंक रिच प्रायमर आणि इपॉक्सी. रंग आधी आणि भोक नंतर केलं की गंज भोकातूनच सुरू होतो. चौकट डक्टवर चढवून रिव्हेट दर १०० मिमीला. पत्र्याचं टोक फ्लँजच्या तोंडावर ८ ते १० मिमी वळवून घ्यायचं, म्हणजे गास्केट पत्र्यावर बसते. वळवताना कोपऱ्यात पत्रा चिरला जातो, तिथे सीलंट.

दुसरी वाट एस क्लीट आणि ड्राइव्ह क्लीट, म्हणजे जोडावर सरकवायच्या घडीच्या पत्रापट्ट्या. रुंद बाजूंना, म्हणजे ६०० ला एस, आणि ३०० च्या बाजूंना ड्राइव्ह. ड्राइव्हसाठी डक्टची कड १२ मिमी बाहेर उलटी घडी घालायची. क्लीट बाजूपेक्षा ५० मिमी लांब कापायची, वर-खाली २५-२५ उरतात, ते कोपऱ्यावर ठोकून वळवायचे. हे न वळवता तसंच सोडलेलं बरंच दिसतं. तशी ड्राइव्ह कंपनाने खाली सरकते. एसच्या बाजूला कोपऱ्यापासून ५० मिमीवर आणि मध्ये दर ३०० ला स्क्रू. हा जोड कमी दाबालाच चालतो आणि स्वतः हवा अडवत नाही, चारही बाजूंना सीलंट लागतंच.

२०० च्या गोल फांद्यांना साधा खुपसजोड. क्रिम्प केलेलं (चुण्या पाडून बारीक केलेलं) टोक हवा जाते त्या दिशेला, ५० मिमी आत, आणि परिघावर समान अंतरावर ३ स्क्रू. २०० व्यासाचा परिघ ६२८ मिमी येतो, म्हणजे दोन स्क्रूंत सुमारे २१० मिमी. तीनपेक्षा जास्तची गरज नाही. मास्टिकचा (दाट लेपासारख्या सीलंटचा) २५ मिमी पट्टा आतल्या तुकड्यावर आधी लावायचा, मग खुपसायचं, मग स्क्रू, मग बाहेरून पुन्हा एक हात.

वाफारा

क्रिम्पच्या दिशेबद्दल एक भर. थंड कोरड्या हवेला "हवेच्या दिशेने" हे बरोबर आहे. पण डक्ट उभा असेल आणि आत वाफ थंड होऊन पाणी धरत असेल (भात-उकडीची चूल, काजू वाफवण्याची खोली, फणसाच्या गऱ्यांचा ड्रायर) तर नियम उलटतो. हवा वर जाते म्हणून क्रिम्प वर ठेवला की आतल्या भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट जोडाच्या फटीत उतरतं आणि बाहेर टपकतं. अशा ठिकाणी आतलं टोक खाली तोंड करून बसवावं, म्हणजे पाणी आतल्या आतच खाली जातं. आडव्या डक्टमध्ये लांबीचा लॉक वरच्या बाजूला ठेवावा, तळाला कधीच नाही, आणि तळाला उतार देऊन शेवटी निचऱ्याची नळी काढावी.

जस्तलेप

पत्रा आणि स्क्रूच्या धातूकडे अजून कोणी वळलेलं नाही, म्हणून तेवढंच लिहितो.

जीआय पत्रा घेताना गेज विचारतात, लेप विचारत नाहीत. आयएस २७७ या भारतीय मानकात जस्ताचा लेप दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये सांगतात. १२० ग्रॅमचा पत्रा म्हणजे एका बाजूला जेमतेम ८.५ मायक्रॉन, २७५ ग्रॅमचा म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ मध्ये हवा किती गंज धरवते त्याच्या वर्गाप्रमाणे पहिल्या वर्षी जस्त किती झिजतं ते दिलंय: सी३ ला ०.७ ते २.१ मायक्रॉन, सी४ ला २.१ ते ४.२, सी५ ला ४.२ ते ८.४. समुद्रालगत उघड्यावरचा डक्ट सी५ मध्ये धरावा. तिथे १२० चा पत्रा दोन पावसाळ्यांत उघडा पडू शकतो. सीलिंगच्या आत परिस्थिती सौम्य असते, पण खिडक्या समुद्राकडे उघड्या असतील तर खारी हवा तिथेही पोचते. त्यामुळे आत-बाहेर दोन्हीकडे २७५ च घ्यावा आणि बाहेरचा भाग रंगवावा.

आता स्क्रू. बाजारातल्या चकचकीत झिंक प्लेटेड स्क्रूवर ५ ते ८ मायक्रॉनचाच थर असतो. म्हणजे पत्रा चांगला घेतला आणि स्क्रू साधा घेतला तर आधी स्क्रूचं डोकं जातं, मग तांबडा ओघळ पत्र्यावर येतो आणि लोक पत्र्याला दोष देतात. उघड्यावर ३०४ किंवा शक्य तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचा, खाली ईपीडीएम रबराचा वॉशर असलेला. मोठ्या जीआय पत्र्यात छोटा स्टेनलेस स्क्रू चालतो, कारण झीज मोठ्या क्षेत्रावर विभागली जाते. उलट कधीच करू नका: स्टेनलेसच्या पत्र्यात जीआय स्क्रू किंवा ॲल्युमिनियम रिव्हेट मारला तर ती छोटीशी वस्तू मोठ्या स्टेनलेसपुढे भराभर संपते. आणि ॲल्युमिनियम रिव्हेटचा खिळा लोखंडी आहे का ते बघा. चुंबक लावला की कळतं. तुटलेला तुकडा आत राहतो आणि गंजतो. खिळाही ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा मिळतो.

कापण्यासाठी कातर किंवा शिअर. ग्राइंडर नको. ठिणग्यांमधले लोखंडाचे कण जस्तात रुततात आणि दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके दिसतात. ड्रिलचा कीसही कामाच्या शेवटी ब्रशने झाडून टाका. पावसाळी हवेत एका रात्रीत तो गंजतो आणि डाग पत्र्यावर बसतो.

साठवण: पत्रे एकावर एक ओले राहिले की मध्ये हवा न पोचल्याने पांढरी भुकटी धरते. खाली लाकडी ठोकळे, एका बाजूला तिरके, प्रत्येक थरात पट्टी. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो.

सुरंगी

रिव्हेटला आणि स्क्रूला ड्रिल बिट किती घ्यायचा? आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट मारले तर काय बिघडतं?

पत्राघडी

सुरंगीताई, ३.२ च्या रिव्हेटला ३.३ मिमी बिट, ४ च्या रिव्हेटला ४.१. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ०.६३ चे दोन पत्रे म्हणजे १.२६, अधिक ४.८, म्हणजे सुमारे ६ मिमी. ३.२ × १२ चे रिव्हेट सगळीकडे वापरले जातात, पण लांब रिव्हेट मागे नीट फुलत नाही आणि सैल राहतो. कडेपासून निदान व्यासाच्या दुप्पट आत, म्हणजे ७ मिमी तरी.

आठ नंबरच्या (४.२ मिमी) स्क्रूला अशा पातळ पत्र्यात ३ मिमीच्या आसपास भोक. सेल्फ ड्रिलिंगचं जाड टोक छपराच्या कैचीसाठी, लोखंडी सेक्शनसाठी बनलेलं असतं. दोन पातळ पत्र्यांत ते वरचा पत्रा भेदतं आणि आतल्याला मागे ढकलतं, मध्ये फट राहते. नंतर स्क्रू आवळला तरी ती पूर्ण मिटत नाही. म्हणून आधी व्हाइस ग्रिपने दोन्ही पत्रे दाबून धरा, मगच मारा. पातळ पत्र्यासाठी अणकुचीदार टोकाचे वेगळे स्क्रू येतात, ते पत्रा न खरवडता भेदतात, त्यांची पकड जास्त. ड्रिलचा क्लच कमीवर ठेवा. ०.६३ मध्ये जरा जास्त पीळ बसला की आटे निघतात आणि स्क्रू नुसता फिरतो. तसा स्क्रू तिथेच ठेवू नये. दहा नंबरचा घालावा किंवा शेजारी २० मिमीवर नवीन मारून जुनं भोक सीलंटने बुजवावं.

लोटेफिटर

आता एक्झॉस्ट.

स्वयंपाकघराच्या डक्टमध्ये तेलाची वाफ थंड होऊन आत चिकटते. रिव्हेटचं किंवा स्क्रूचं टोक आत आलं की त्यावर तेल जमतं, साफ करणारा ब्रश तिथे अडतो, आणि भोकातून तेल बाहेर झिरपून इन्सुलेशनमध्ये किंवा छतात मुरतं. कढईतली ज्वाळा हूडमध्ये गेली तर हेच तेल पेटतं. सिलिकॉन त्या उष्णतेत टिकत नाही, जोड उघडतो आणि आग डक्टच्या बाहेर येते. अमेरिकेचं एनएफपीए ९६ हे मानक म्हणूनच अशा डक्टचे सगळे जोड बाहेरून सलग, द्रव न गळणाऱ्या वेल्डचे मागतं. पत्रा साधं पोलाद असेल तर किमान १.३७ मिमी, स्टेनलेस असेल तर १.०९ मिमी. आपल्याकडे १.६ मिमी काळा पत्रा किंवा १.२५ मिमी ३०४ स्टेनलेस सहज मिळतो. मालवणात मी स्टेनलेसच सांगेन, गच्चीवरच्या भागाला ३१६. ३०४ वर खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग येतात, भोक लवकर पडत नाही, पण धुवावं लागतं.

जीआय वेल्ड करून भागवू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. जस्ताचा धूर अंगात जातो, कामगाराला ताप भरतो, आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंचं जस्त जळून गेल्यावर तिथलं संरक्षणही संपतं.

आडव्या भागाला हूडकडे किमान २ टक्के उतार, म्हणजे मीटरला २० मिमी. दर ३.७ मीटरच्या आत आणि प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण. झाकण बाजूला, तळाला नाही. बोल्ट झाकणाच्या चौकटीला वेल्ड केलेले, डक्टला भोक पाडून घातलेले नाहीत. पंख्याशी मात्र फ्लँज हवाच, कारण पंखा काढावा लागतो. तिथे रबरी गास्केट चालणार नाही, सिरॅमिक फायबरची दोरी किंवा पट्टी.

कौलारू

चिवलाकाठ, तुम्ही कौलारू पडवीतून डक्ट नेतोय असं लिहिलंय. तिथे वासे, रिपा, पाटण सगळं लाकडी आहे. याच मानकात जळणाऱ्या सामानापासून ४५७ मिमी अंतर सांगितलंय, मग कितीही चांगला वेल्ड असो. पडवीचा मार्ग टाळून चिऱ्याच्या भिंतीच्या बाहेरून वर नेता आला तर उत्तम. आणि आधार चिऱ्यात अँकर फास्टनर मारून घेऊ नका. जांभा ठिसूळ असतो, फास्टनर फुगला की कोपरा निखळतो. स्लॅबच्या बीममधून ब्रॅकेट घ्या, नाहीतर भिंतीला आरपार बोल्ट आणि मागे मोठी प्लेट.

गच्चीवरच्या डक्टला वाऱ्याचा विचार करूनच आधार द्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीत पत्र्याची छपरं किती उडाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. डक्ट हा तोच पत्रा. प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांना ३०० मिमीच्या आत खालून आधार आणि वरून पट्टा.

चिवलाकाठ

मालकांचा आक्षेप असा की इथल्या बहुतेक खानावळींत जीआयचाच एक्झॉस्ट आहे आणि चालतोय.

लोटेफिटर

चालतो, कारण हवा ओढायचं काम तो करतोच. फरक आग लागली त्या दिवशी कळतो. मालकांना कोणत्याही जुन्या जीआय एक्झॉस्टच्या जोडाखालची भिंत दाखवा. चिकट तपकिरी ओघळ दिसतील. हे तेल आत असायला हवं होतं. पैसे वाचवायचेच असतील तर लांबी कमी करा, वळणं कमी करा, काळा पत्रा वापरून बाहेरून उष्णता सोसणारा रंग द्या. वेल्ड सोडू नका.

दवबिंदू

एसीच्या डक्टमध्ये कोकणातला खरा त्रास घामाचा. पुरवठ्याची हवा १३ अंशांच्या आसपास, आणि जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंश. म्हणजे डक्टचा जो भाग उघडा राहील त्यावर पाणी धरणारच.

टीडीएफचा फ्लँज पत्र्यापासून सुमारे ३५ मिमी बाहेर येतो. नायट्राइल रबरचं इन्सुलेशन २५ मिमीचं घातलं की फ्लँजची कड १० मिमी बाहेर डोकावते आणि प्रत्येक जोडाखाली जिप्समच्या सीलिंगवर पिवळी रेघ उमटते. अनेकदा हे गळती समजून पुन्हा सीलंट लावलं जातं, पण पाणी बाहेरच्या हवेतलं असतं. उपाय म्हणजे फ्लँजवर त्याच नायट्राइल रबरची वेगळी पट्टी, निदान १५० मिमी रुंद, दोन्ही बाजूंच्या इन्सुलेशनवर चढवून चिकटवलेली. हँगरचा रॉड किंवा पट्टी थेट पत्र्याला लागू देऊ नका, मध्ये लाकडाचा किंवा कडक फोमचा ठोकळा. डक्टच्या पत्र्यात स्क्रू मारून हँगर लटकवणं तर पूर्ण टाळा. त्या स्क्रूवाटे थंडावा बाहेर येतो आणि नेमका तिथेच थेंब.

परतीच्या डक्टमध्ये दाब उणा असतो. तिथला जोड गळका असेल तर सीलिंगच्या वरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर पाणी वाढतं, हॉल थंड होतो पण कोरडा होत नाही. अनेक लोक पुरवठ्याचे जोड सील करतात आणि परतीचे सोडून देतात. दोन्ही करा.

सुरंगी

सिलिकॉन कोणतं?

जस्तलेप

न्यूट्रल क्युअर. डब्यावर तसं छापलेलं असतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन ॲसिटिक असतं, ते वाळताना जस्ताला खातं आणि सीलच्या खालीच पांढरी भुकटी धरते. लावण्याआधी पत्र्यावरचं तेल थिनरच्या फडक्याने पुसा, नवीन पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतोच. रंग द्यायचा असेल तर आधी रंग, मग सिलिकॉन, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही.

पाण्यातलं मास्टिक पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस सहज घेतं, आणि वाळण्याआधी पाऊस लागला तर वाहून जातं. उघड्यावर पावसात काम करायची वेळ आलीच तर ब्यूटिल रबराची चिकट टेप. कापडी डक्ट टेप मात्र कुठेच नको. नाव डक्टचं असलं तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने उष्ण-थंड फेऱ्यांत निरनिराळे सीलंट तपासले, त्यात हीच टेप वाईट रीतीने सुटली.

पत्राघडी

सीलिंग बंद करण्याआधी चाचणी घ्या. फांद्यांची तोंडं प्लॅस्टिक आणि टेपने बंद करायची, छोट्या ब्लोअरने २५० पास्कल दाब धरायचा आणि तो टिकवायला किती हवा लागते ते मोजायचं. युरोपियन मानकाच्या ए वर्गाला त्या दाबावर प्रति चौरस मीटर सेकंदाला ०.९८ लिटर गळती चालते, बी वर्गाला ०.३३. तुमच्या मुख्य डक्टचं क्षेत्रफळ १.८ × १८ म्हणजे ३२.४ चौरस मीटर. ए ला ३२ लिटर, बी ला साडेदहा. डक्टमधून ५ मीटर वेगाने सेकंदाला ९०० लिटर हवा जाते, म्हणजे साडेतीन टक्के विरुद्ध सव्वा टक्का. बी धरूनच काम सांगा. मोजण्याचं यंत्र नसेल तर ब्लोअर चालू ठेवून प्रत्येक कोपऱ्याशी अगरबत्ती धरा, धूर कुठे ढकलला जातो ते दिसतं. पंखे बंद, खिडक्या बंद.

चिवलाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: एसीला २७५ चा पत्रा, टीडीएफ कोल्हापूरहून. एक्झॉस्ट भिंतीबाहेरून, खाली ३०४ आणि गच्चीवर ३१६, टिग वेल्ड. आणलेला ०.६३ पत्रा कोणत्या लेपाचा आहे ते कसं ओळखू? बिलावर काहीच नाही.

जस्तलेप

बंडलच्या पट्टीला किंवा शीटच्या कडेला शाईने छापलेलं असतं, "२७५" किंवा "१२०" असा आकडा शोधा. नसेल तर लेप मोजायचा मीटर रत्नागिरीत एखाद्या रंगकाम ठेकेदाराकडे भाड्याने मिळतो का बघा. शीटवर पाच जागी मोजून सरासरी घ्या. १८-२० मायक्रॉन आला तर एसीच्या डक्टला वापरा, ८-९ आला तर दुकानदाराला परत द्या.